ओळखीचे पक्षी

वाक्वातली पहिली सकाळ साळुंक्यांच्या भांडणानं उजाडली. अर्धवट झोपेत मला वाटलं, मी पुण्यातच आहे, गॅलरीच्या पत्र्यावर नेहमीची जोडी कचाकचा भांडतेय आणि आता दूधवाला बेल वाजवणार. मग खिडकीतून गार, ओलसर वारा आत आला आणि आठवलं, आपण मॉरिशसला आहोत.

एम.ए.ला असताना हॉस्टेलवर माझी रूममेट मॉरिशसची मराठी मुलगी होती. ती आता नोकरीपायी फ्रान्सला असते. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, वाक्वाच्या घरात एकट्या राहतात. ‘तुला पाखरांचं वेड ना, मग ये की, इथं पुष्कळ आहेत,’ असं त्या दरवेळी फोनवर म्हणायच्या. शेवटी गेल्या नोव्हेंबरात गेले. काकूंचं मराठी क्रियोलच्या, म्हणजे इथल्या फ्रेंचवरून घडलेल्या बोलीच्या, चालीवर चालतं. शब्द मराठी, हेल फ्रेंचकडचा. पण मध्येच त्या ‘वायच थांब, चहा टाकते’ म्हणाल्या आणि मला एकदम चिपळूणची आजी आठवली. शंभर-सव्वाशे वर्षं समुद्रापार राहूनही हा ‘वायच’ शाबूत!

बैठकीच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी एक कागद फ्रेम करून लावलाय. काकूंच्या पणजोबांच्या गिरमिटाच्या, म्हणजे ऊसमळ्यातल्या मजुरीच्या कराराच्या, नोंदीचा उतारा. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुनी दफ्तरं आहेत, तिथून काढून आणलेला. त्यावर नंबर आहे, बापाचं नाव आहे, जिल्हा रत्नागिरी आहे. गावाचं नाव मात्र कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं. हॉस्टेलमध्ये असताना मैत्रीण आणि मी ते नाव उलटसुलट वाचून दमलो होतो. संगमेश्वर तालुक्यातलं एक, राजापुरातली दोन, अशी तीन गावं जुळत होती. म्हणजेच एकही जुळत नव्हतं.

तर ती सकाळ. चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात बसले आणि वही उघडली. साळुंकी. तारेवर शिपाई बुलबुल, तोच तुरा, गालावर तोच लाल ठिपका. ठिपकेवाला होला. चिमण्या. पारवे. आठ वाजता डोक्यावरून किंचाळत गेलेला राघूंचा थवा. काकूंनी भाताची शितं टाकली तशी सगळी मंडळी खाली उतरली. तासाभरात सहा नोंदी, आणि सहाही मी डोळे मिटून सांगितल्या असत्या. पक्षी बघायला साडेचार हजार किलोमीटर आलेल्या बाईला याचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. परक्या देशात ओळखीचं कुणी भेटावं तसं.

काकू त्यांची इथली नावं सांगत होत्या. साळुंकी म्हणजे मार्तें, बुलबुल म्हणजे कोंदे. ‘आमच्या लहानपणी पाखरं म्हणजे हीच. मार्तें, कोंदे, आणि पिंजऱ्यातला पोपट.’

दुसऱ्या दिवशी ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात गेले. सोबतच्या तरुण गाईडला मोठ्या हौसेनं वही दाखवली. त्यानं वरून खाली बोट फिरवलं आणि हसत म्हणाला, ‘मॅडम, यातला एकही आमचा नाही.’

साळुंकी १७६२ साली भारतातून आणली, उसावरच्या टोळांचा बंदोबस्त करायला. किडीवर पाखरू सोडायचा हा इलाज जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी मानला जातो. शिपाई बुलबुल १८९२चा. राघू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यातून सुटलेले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर कावळे दिसतात, तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांबरोबर आलेले, आपलेच. आणि उंदरांवर उतारा म्हणून १९००च्या सुमारास आणलेलं मुंगूस, तेही आपलंच. मुंगसानं उंदीर किती संपवले ते सोडा, जमिनीलगत वावरणाऱ्या इथल्या पाखरांच्या मुळावर मात्र ते आलं.

मी वही मिटली. आदल्या दिवशीचं ते ‘बरं वाटणं’ आता जरा टोचायला लागलं होतं.

मॉरिशसचं मुख्य बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहूनही लहान. १५९८ साली डच उतरले तेव्हा ते जवळजवळ सगळं जंगलाखाली होतं. आधी आबनुसाच्या काळ्या लाकडासाठी झाडं पडली, नंतर फ्रेंच आणि इंग्रजांच्या अमलात ऊस पसरत गेला. आज चांगल्या स्थितीतलं मूळचं रान दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. जे आहे त्यातलं बरंचसं या गॉर्जेसमध्ये. उद्यान १९९४ सालचं, जेमतेम साडेसहा हजार हेक्टरांचं. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान याहून मोठं आहे! एवढ्याशा जागेत इथला गुलाबी कबूतर, इथला हिरवा पोपट, इथला खरूची (छोटा ससाणा) अशी जगात दुसरीकडे कुठंही नसलेली पाखरं दाटीवाटीनं राहतात.

आणि तिथंही ती सहजी दिसत नाहीत. पहिले दोन तास दिसले ते फक्त पेरू. लाल, बोराएवढी फळं धरणाऱ्या चिनी पेरूचं इतकं घनदाट रान, की त्यात मूळच्या झाडाचं रोप वर यायला जागाच नाही. हाही बाहेरून आणलेला. मॉरिशसच्या लोकांना हे पेरू फार प्रिय. थंडीत घरंच्या घरं पिशव्या घेऊन रानात जातात, तिखटमीठ लावून खातात. काकूंच्या फडताळातही मुरंब्याची बरणी होती. वनखातं मात्र कुंपण घालून एकेक तुकडा निवडतं आणि तिथला पेरू मुळापासून उपटतं. कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं रान शेजारीशेजारी पाहिलं. बाहेर नुसती हिरवी भिंत. आत उजेड, शेवाळ, वेगवेगळ्या उंचीची झाडं, आणि वाटेवर कुणीतरी अर्धवट खाऊन टाकलेली फळं. ‘काटो वेर,’ गाईड हळूच म्हणाला.

काटो वेर म्हणजे इथला मूळचा हिरवा पोपट. आपल्या राघूचाच चुलतभाऊ, फक्त अंगानं भरलेला, शेपटीनं आखूड आणि आवाजानं घोगरा. राघूसारखा गावभर बोंबलत फिरत नाही, रान सोडत नाही. १९८०च्या दशकात जेमतेम दहा-बारा उरले होते. त्यांना घरटी करायला जुनी, पोकळ झाडं लागतात, आणि ती तोडली गेली होती. उरल्यासुरल्या ढोलीवर राघू आणि साळुंकी आधीच हक्क सांगून बसलेली. मग माणसांनी लाकडी पेट्या झाडांवर टांगल्या, अंडी जपली, अशक्त पिल्लं हातावर वाढवली. आता ते काही शेकड्यांत आहेत. आम्हाला तीन दिसले, जेमतेम अर्धा मिनिट. मी राघू समजून दुर्बीण खाली ठेवत होते, गाईडनं हात धरला म्हणून बरं.

या सगळ्या गोष्टींचा मुकुटमणी अर्थातच इथला खरूची. १९७४ साली अख्ख्या जगात त्याचे चार पक्षी माहीत होते. त्यातली वीण घालणारी मादी एकच. रान गेलं होतं, मुंगूस आणि माकडं घरट्यांपर्यंत पोचत होती, आणि हिवतापाच्या डासांवर फवारलेलं डीडीटी अन्नातून अंड्यांपर्यंत उतरलं होतं. १९७९ साली कार्ल जोन्स नावाचा एक वेल्श तरुण इथं आला. खरं तर त्याला गाशा गुंडाळायलाच पाठवलं होतं. तो उलट मुक्काम ठोकून बसला. कड्यावरच्या घरट्यातली पहिली अंडी काढून घ्यायची, म्हणजे मादी पुन्हा घालते, आणि काढलेली उबवणी यंत्रात उबवायची. ऐकायला सोपं आहे. पण जगात मोजकेच पक्षी असताना त्यांच्या पोटाखालून अंडी काढायची छाती लागते. हुकलं असतं तर इतिहासानं त्याला ‘शेवटची अंडी चोरणारा’ म्हटलं असतं. नाही हुकलं. दहाएक वर्षांत तीनशेहून जास्त पक्षी रानात सोडले. पुढे संख्या पुन्हा घसरली, २०१४ साली त्याला परत संकटग्रस्तांच्या यादीत टाकावं लागलं, तेव्हा गोष्ट संपलेली नाही. २०२२ साली मॉरिशसनं त्याला राष्ट्रीय पक्षी केलं.

तो मला गॉर्जेसमध्ये नाही, पूर्वेकडच्या फर्नेच्या खोऱ्यात दिसला. याच खोऱ्यातून एकदा हमरस्ता जायचा होता, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून टळला. उसाचा मळा संपतो आणि चढ सुरू होतो तिथं झाडावर एक पेटी होती, तिच्यासमोर आम्ही तासभर उभे. आपला खरूची माळावर एका जागी पंख फडफडवत टांगून राहतो. हा तसं काही करत नाही. फांद्यांमधून फिरायचं म्हणून पंख आखूड आणि गोलसर, चाल शिक्र्यासारखी. अचानक पानांतून काहीतरी तपकिरी निसटलं आणि पेटीच्या फळीवर बसलं. पोट पांढरंशुभ्र, त्यावर काळे ठिपके, शाईचा ब्रश झटकावा तसे. पंजात एक झगझगीत हिरवी पाल, शेपूट अजून वळवळत होतं. त्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं, आम्ही पाल नाही याची खात्री केली, आणि आत शिरला.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘मांझेर दे पूल? अगो बाई, तो अजून आहे?’ मांझेर दे पूल म्हणजे कोंबडीखाऊ. त्यांच्या लहानपणी वडील सांगायचे, कोंबडीची पिल्लं झाकून ठेव, मांझेर दे पूल येईल. काकूंनी आयुष्यभर पिल्लं झाकली आणि पक्षी एकदाही पाहिला नाही. पाहणार कुठून? तेव्हा तो जगात चार नग होता. बरं, त्याचं मुख्य खाणं पाली. एवढ्याशा पाखराला कोंबडीचोर ठरवून लोकांनी गोळ्याही घातल्या.

पोर्ट लुईला आम्ही दोघी बरोबर गेलो. काकूंना आप्रवासी घाट दाखवायचा होता, मला तेर रूजची खाडी बघायची होती. दोन्ही एकाच किनाऱ्यावर, गाडीनं फार लांब नाहीत. घाटाच्या दगडी पायऱ्या तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. १८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास माणसं गिरमिटावर या बेटावर उतरली. बिहारी, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आलेली आपली कोकण-घाटावरची. काकू पायऱ्यांपाशी चपला काढून उभ्या राहिल्या. मी काही बोलले नाही.

तेर रूजची खाडी मात्र दिसायला अगदी गरीब. एकीकडे गोदामं, दुसरीकडे वस्ती, मध्ये चिखल. पण हीच जागा २००१ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ओहोटीला चिखल उघडा पडला आणि तो चालायला लागला, म्हणजे मला तसं वाटलं. वाकड्या चोचीचे तुतवार, दगड उलथून खाली बघणारे ठेंगणे पक्षी, लांब चोचीचे कोरल. सायबेरियाकडून दर ऑक्टोबरात येतात, एप्रिलपर्यंत राहतात आणि परत जातात. ना त्यांना कुणी आणलं, ना कुणी अडवलं. ठाण्याच्या खाडीत मी यांच्याच भाऊबंदांना पाहते. इथं ओळख पटली तेव्हा मला पहिल्या दिवसासारखं बरं वाटलं, आणि या खेपेला टोचलं नाही.

उत्तरेकडच्या समुद्रात राउंड आयलंड आहे. तिथं परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि ते योग्यच. त्या बेटावर उंदीर कधी पोचलेच नाहीत. शेळ्या आणि ससे माणसांनी सोडले होते, ते १९७९ आणि १९८६ पर्यंत हटवले, तेव्हा कुठं ताडांनी पुन्हा मान वर काढली. वादळपाखरं तिथं जमिनीवरच घरटी करतात. शेजारच्याचं नाव सर्पबेट. गंमत अशी की सर्पबेटावर साप नाहीत, ते राउंड आयलंडवर आहेत. आणि राउंड आयलंड काही धड गोल नाही. नकाशा काढणाऱ्याची नावं अदलाबदल झाली असावीत असं म्हणतात. मी फक्त होडीतून क्वँ द मीरच्या कड्यापर्यंत जाऊ शकले. लाल सळईसारखी लांब शेपटी मिरवणारे पांढरेशुभ्र सागरपक्षी कड्याच्या फटींतून निघून उलटे उडाल्यासारखे दिसत होते. बोट लागल्यामुळे मला त्यांचा म्हणावा तसा आनंद घेता आला नाही हेही लिहून टाकते. रॉड्रिग्ज बेट साडेपाचशे किलोमीटर पूर्वेला, तिथं जाणं पैशात बसलं नाही. तिथला एक वटवट्या आणि एक सुगरणीच्या कुळातला पिवळा पक्षी साठ-सत्तरच्या दशकांत मोजक्या पाच-पंचवीसांवर आले होते, आता हजारोंनी आहेत. लोकांनी झाडं लावली, एवढंच त्याचं गुपित. तेव्हा पुन्हा कधीतरी.

गाईडनं सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. गुलाबी कबुतराची संख्या १९९०च्या सुमारास दहावर आली तेव्हा त्यांची रानातली शेवटची घरटी जिथं होती त्या जागेला पिजन वुड म्हणतात. मी धरून चालले होते की ते मूळच्या रानाचं शेवटचं बेट असणार. तर नाही. ती घरटी जपानी सुरूसारख्या परदेशी झाडांच्या लागवडीत होती, लाकडासाठी लावलेल्या. टोकदार, दाट पानांमुळे माकडाला आणि उंदराला वर चढणं जड जातं, म्हणून. मॉरिशसचा मूळचा लाल डोक्याचा पक्षीही त्याच झाडांत पिल्लं जगवत होता. स्वतःच्या रानानं सांभाळलं नाही ते परक्या झाडानं सांभाळलं. मी वहीत ‘देशी’ आणि ‘परदेशी’ असे दोन रकाने आखले होते, त्या दिवसानंतर ते भरायचं सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी काकूंना ओढूनच बरोबर नेलं. माहेबूरजवळ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर इल ओ झेग्रेत नावाचं प्रवाळाच्या दगडाचं बेट आहे, सव्वीस हेक्टरांचं. नावाचा अर्थ बगळ्यांचं बेट, आता बगळे नाहीत. होडीनं पाच-सात मिनिटं. काकू जन्मापासून या देशात आणि इथं कधीच आलेल्या नाहीत. ‘तिकडे टुरिस लोक जातात,’ म्हणाल्या.

आबनुसाची झाडं मी उंच समजत होते, ती आमच्या खांद्यापेक्षा थोडी वर, वाऱ्यानं वाकलेली. किती सावकाश वाढतात म्हणे. एक कासव वाटेत आडवं बसलं होतं, त्याला वळसा घालून गेलो. गाईड बाईनं २०२०ची गोष्ट सांगितली. जुलैत एक जपानी मालकीचं जहाज समोरच्या प्रवाळावर चढलं, हजारेक टन तेल समुद्रात गेलं. बेटावरची दुर्मीळ पाखरं पकडून सुरक्षित जागी हलवावी लागली. सरकारची वाट न बघता गावोगावच्या लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबलचक वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. काकू एकदम म्हणाल्या, ‘आम्ही पण शिवल्या होत्या. देवळात बसून. हात काळे झाले होते आठवडाभर.’ मला हे त्यांनी कधी फोनवर सांगितलं नव्हतं. ज्या उसानं या बेटाचं रान खाल्लं, आणि ज्या उसापायी यांचे पणजोबा आले, त्याच्याच पाचटाच्या वळकट्या. पण तेव्हा त्यांना यातलं काही वाटलं नसणार. तेल अडवायचं होतं, पाचट हाताशी होतं.

कबूतर आम्हाला शोधावं लागलं नाही. तेच वाटेवर आलं. मी चित्रांवरून भडक गुलाबी समजत होते. प्रत्यक्षात धुऊन धुऊन विटलेल्या नऊवारीचा असतो तसा रंग, पाठीकडे तपकिरी, शेपूट तांबूस, आणि चोच-पाय मात्र लाल. डोडो याच कुळातला होता, कबुतरांच्या. त्याचं शेवटचं खात्रीचं दर्शन १६६२चं, हाडं १८६५ साली सापडली ती इथून जवळच, आताच्या विमानतळापाशी. हे कबूतर मात्र काकूंच्या पायाशी येऊन, मान तिरपी करून, आम्ही कोण ते बघत होतं.

काकू हळूहळू खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसल्या.

‘याच्या पायात वाळे कुणी घातले?’

दोन्ही पायांत कड्या होत्या. एक धातूची, बाकी रंगीत. गाईड बाईनं सांगितलं, प्रत्येकाला अशा कड्या असतात, रंगांवरून कळतं हा कोण.

‘नंबर आहे याला?’

‘आहे ना. कधी जन्मला, कुठं जन्मला, सगळं लिहिलेलं असतं.’

‘आणि आई-बाप?’

‘तेही.’

काकू बराच वेळ त्या कड्यांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळून, मराठीत, गाईडला कळू नये अशा हळू आवाजात म्हणाल्या, ‘गावाचं नाव नीट लिहिलं असेल ना गं?’